चौथा नट : जुनी मोटार घेणाऱ्या सभासदांसाठी



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा, पाचट आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहीत असतो. मागच्या अंकात को ८६०३२ च्या खोडव्यातील तुटाळ्यांविषयी लिहिले, पुढच्या अंकात हुमणीविषयी लिहावयाचे ठरले आहे. मधल्या या अंकात मात्र मोटारीच्या चाकाच्या एका नटाविषयी लिहिणार आहोत. ऊस विकास अधिकाऱ्याने फड सोडून चाकात कशाला डोके घालावे, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. परंतु गेल्या गळीत हंगामात वसमत-नांदेड रस्त्यावर जे घडले, त्याला आमचाही थोडा हातभार लागलेला होता. म्हणून हे लिहिणे आमच्याकडे आले.

उसाचे बिल जमा झाले, हळदीचे दोन पैसे हातात आले, की आपल्याकडे घरात मोटारीचा विषय निघतो. नवी घेऊन हप्त्यांत अडकण्यापेक्षा चार-पाच वर्षे वापरलेली, नीट राखलेली गाडी घ्यावी, असे बहुतेकांचे मत पडते आणि आमचेही तेच मत आहे. अशा गाड्या आपल्या भागात बहुतकरून पुणे, पिंपरी-चिंचवडकडून येतात. आपल्या एमएच-३८ पेक्षा एमएच-१२ आणि एमएच-१४ च्या गाड्याच कधी कधी गट ऑफिसापुढे जास्त दिसतात. शहरातली गाडी डांबरी रस्त्यावर चाललेली असते, तिचा रंग चांगला असतो, आतल्या सीटवर डाग नसतो. शिवाय पुष्कळदा तिला लोखंडी चाकांऐवजी चकचकीत अलॉयची चाके असतात. आपली गोष्ट त्या चाकांपासूनच सुरू होते.

औंढा रस्त्यावरचे आपले एक सभासद आहेत. त्यांनी हे लिहावयास परवानगी दिली, मात्र नाव नको म्हणाले. त्यांच्या आईला मूत्रपिंडाचा विकार आहे आणि आठवड्यातून दोन वेळा, मंगळवारी व शुक्रवारी, नांदेडला डायलिसिससाठी न्यावे लागते. एसटीच्या गर्दीत त्यांना बसवत नाही. दर वेळी भाड्याची गाडी करणे परवडेना, म्हणून गेल्या पावसाळ्यात त्यांनी पुण्याकडची एक पाच वर्षे वापरलेली मोटार ठरविली. इसार दिला होता, पूर्ण पैसे द्यावयाचे होते. गाडी घेऊन ते गट ऑफिसला आले. म्हणाले, “साहेब, तुम्ही एकदा नजर घाला. तुम्हाला गाड्यातलं कळतं.”

आम्हाला गाड्यातले किती कळते ते पुढे येईलच. आम्ही बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला, टायरची नक्षी किती उरली ते नखाने पाहिले, दारे उघडून मिटली, एक फेरी मारली. अलॉयच्या चाकावर हात फिरवून “चाकं झकास आहेत” असे म्हणालो. “घ्या भाऊ, गाडी चांगली आहे,” असा निर्वाळाही दिला. तो नट आमच्या त्या हाताखालीच होता.

डिसेंबरातला शुक्रवार. मावशींची पाळी सकाळी सातची. हे लोक पहाटे निघाले. धुके होते, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग होती. नांदेड पंधरा-वीस किलोमीटर राहिले असताना पुढचे डावे चाक रस्त्यावर पडलेल्या लोखंडाच्या तुकड्यावरून गेले आणि टायर बगलेला फाटला. आता पुष्कळांना वाटेल, ट्यूबलेस टायरला चाक न काढता पट्टी घालून पंक्चर काढता येते की! येते, पण जमिनीला टेकणाऱ्या भागात भोक पडले तर. बगल फाटल्यावर पट्टी टिकत नाही, तिथे स्टेपनीच लावावी लागते.

स्टेपनी होती, हवाही होती, जॅक होता, पाना होता. नटांवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टोप्या काढल्या. पहिला नट सुटला, दुसरा सुटला, तिसराही सुटला. चौथ्यावर पाना बसेना. बॅटरीच्या उजेडात बघतात तो त्या नटाला सहा बाजूच नाहीत! वरून गुळगुळीत गोल, आणि तोंडावर फुलाच्या पाकळीसारखी वेडीवाकडी खाच.

आम्ही त्या पहाटे तोडणी कार्यक्रमासाठी त्याच बाजूच्या गटात निघालो होतो. गाडी ओळखू आली म्हणून थांबलो. तोपर्यंत दोन ट्रॅक्टरवाले उतरून मदतीला आले होते. एकाने आपला पाईप पाना लावून पाहिला, तो घसरला. दुसऱ्याने छन्नी लावून दोन घाव घातले, त्याने नटाची कड तेवढी चेपली आणि अलॉयवर एक ओरखडा उठला. सभासद हातात पाना घेऊन आमच्याकडे बघत होते. बोलले काहीच नाहीत. मागच्या सीटवरून मावशीच बोलल्या, “बाबा, माझं काय बी होऊ द्या, पन लेकराला कोनी बोलू नका.” त्यांना दम लागत होता.

मावशींना व सुनेला आमच्या जीपमध्ये घेऊन आम्ही नांदेड गाठले तेव्हा आठ वाजून गेले होते. डायलिसिसची एक पाळी सुमारे चार तासांची असते. मशिनी ठरलेल्या, रुग्ण ठरलेले. वेळेवर कोणी आले नाही तर मशीन रिकामे ठेवता येत नाही, ते दुसऱ्याला लावतात. त्यात त्यांची काही चूक नाही. मावशींना संध्याकाळची पाळी मिळाली. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना दिवसभर थांबणे म्हणजे काय ते सांगावयास नको. मूत्रपिंड काम करीत नाही तेव्हा अंगात पाणी साठत जाते, धाप लागते, आणि रक्तातले पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. मावशी बाकावर टेकून बसल्या. अर्धा पेला पाणीसुद्धा मोजून प्यावयाचे. रात्री उशिरा त्या घरी परतल्या, सुखरूप परतल्या. पण त्या दिवशी संध्याकाळची जागा मिळाली नसती तर काय, हा प्रश्न आमच्या मनातून अजून गेलेला नाही.

आता या नटाविषयी.

अलॉयची चाके महाग असतात आणि ती चोरीला जातात. मोठ्या शहरांत रात्री रस्त्यावर लावलेली मोटार सकाळी विटांवर उभी सापडते, चारही चाके गायब. साधा पाना असला की चोराला फार वेळ लागत नाही. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक चाकाचा एक नट कुलपाचा करतात, म्हणजे चार चाकांना चार. त्याच्या तोंडावर विशिष्ट नक्षीची खाच असते आणि तीत नेमका बसणारा लहानसा पोलादी तुकडा, हीच त्याची किल्ली. किल्लीचे एक तोंड नटाच्या खाचेत बसते, दुसरे टोक षटकोनी असते, त्यावर आपला नेहमीचा पाना चढतो. अंगठ्याएवढी वस्तू. अमेरिकेत मॅकगार्ड नावाची कंपनी १९६४ पासून अशी कुलपे करीत आली आहे, तेव्हा ही काही कालपरवाची युक्ती नव्हे. काही गाड्यांना कंपनीच असे नट देते, काही मालक बाजारातून आणून बसवितात. फोक्सवॅगन, स्कोडा अशा गाड्यांना चाकाला नट नसतो, बोल्ट असतो. तिथे कुलूपही बोल्टचे. बाकी तऱ्हा तीच.

इंग्लंडात हे कुलूप इतके सर्रास आहे आणि किल्ल्या इतक्या हरवतात, की रस्त्यावर मदतीला येणाऱ्या गाड्यांत असे नट काढण्याची हत्यारे ठेवलेली असतात. आपल्या रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे ती असतीलच असे नाही. त्याचा दोष नाही, त्याच्याकडे येणारी दहातली नऊ चाके साध्या नटाची असतात.

त्या दिवशी दुपारी क्रेनवाल्याने पुढची बाजू उचलून गाडी कारखान्यावर आणली. मग शोध सुरू झाला. किल्ली गाडीतच कुठेतरी असते, म्हणून आधी तिथेच शोधावे. डॅशबोर्डचा कप्पा, दोन सीटमधली पेटी, दाराचे खण, सीटखाली, जॅकच्या पिशवीत, डिक्कीतल्या गालिच्याखाली स्टेपनीच्या खळग्यात, प्रथमोपचाराच्या डब्यात. हे सर्व पाहिले. एक छत्री, दोन पेन आणि पुण्यातल्या पार्किंगच्या पावत्या निघाल्या. किल्ली नाही.

नंतर मूळ मालकाला फोन. तो भला माणूस होता. म्हणाला, घर बदलताना गाडीच्या सामानाची एक पिशवी वर ठेवली होती, बघतो. त्याने दुसरी एक गोष्ट सांगितली ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गाडी विकण्याआधी चाकांची अलाइनमेंट करून घेतली होती. पुष्कळदा किल्ली हरवते ती इथेच. टायरवाला किल्ली पान्याला लावतो, काम झाले की पान्यातच राहून जाते, आणि गाडी किल्लीवाचून घरी जाते. पुढे वर्षभर पंक्चर झाले नाही तर मालकाच्या लक्षातही येत नाही. त्या टायरच्या दुकानातही फोन केला. तिथे अशा किल्ल्यांनी भरलेला डबाच होता म्हणे, पण त्यातली आपली कोणती हे कोण सांगणार? किल्लीवर किंवा तिच्या सोबतच्या कार्डावर सांकेतिक क्रमांक असतो. तो कुठेतरी टिपून ठेवलेला असेल तर कंपनीकडून तशीच किल्ली मागविता येते. टिपलेला नव्हता.

तिसरा मार्ग कंपनीच्या वर्कशॉपचा. काही कंपन्यांच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये आपल्या गाड्यांच्या कुलूप-नटांच्या सर्व नक्ष्यांचा संच असतो, त्यातली एक लावून नट काढून देतात. आम्ही जिथे चौकशी केली तिथे पहिला प्रश्न आला, आर.सी. कुणाच्या नावावर आहे? आर.सी. अजून पुण्याच्या मालकाच्याच नावावर होती. एजंट तीन महिने “कागद आलेच समजा” म्हणत होता. वर्कशॉपवाले म्हणाले, मालकाला आणा किंवा त्याचे लेखी आणा. सभासद चिडले. आम्हाला मात्र वर्कशॉपचे म्हणणे पटले. चोरही हेच म्हणत येणार ना, की किल्ली हरवली, नट काढून द्या!

कागदांचे निघालेच आहे तर सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली गेली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरतात. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर ते फिटल्याचा नमुना ३५ लागतो. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठीही १४ दिवसांत अर्ज करावयाचा असतो. एजंटावर सोपवून निर्धास्त बसू नये. सातबारावर नाव लागेपर्यंत आपण तलाठ्याकडे किती खेटे घालतो! मोटारीच्या कागदाला तेवढा जीव कोणी लावीत नाही.

शेवटी काम झाले ते आपल्याच वर्कशॉपमध्ये. मिल हाऊसकडचे आपले जुने फिटरमामा सर्वांना माहीत आहेत. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चष्मा वर करून नटाची खाच पाहिली आणि म्हणाले, “आज नाही. आज तेल पाजू.” चारही नटांची माती तारेच्या ब्रशने साफ केली, आट्यांत शिरणारे पातळ तेल सोडले आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. आम्हाला घाई होती, कारण मंगळवार जवळ येत होता. पण गंजलेल्या आट्यांशी घाई केली तर चाकामागचा स्टड मोडतो, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नटाचा बाहेरचा घेर व्हर्नियरने मोजला आणि भंगारातून एक जुने बारा कोनांचे सॉकेट, मेकॅनिक ज्याला गोटी म्हणतात ते, शोधून आणले. ते नटापेक्षा किंचित लहान. मुद्दामच लहान घ्यावयाचे असते. मामा म्हणाले, “ही गोटी आता परत कामाची नाही, तिला मेलेली समजा. म्हणून नवी घेऊ नये.” सुरुवात फाटक्या टायरच्या चाकापासून नव्हे, उजवीकडच्या पुढच्या चाकापासून केली. डावीकडचा नट छन्नीने चेपलेला होता, तो सर्वांत अवघड, म्हणून शेवटी ठेवला. गाडी जॅकवर चढविली नाही. चाके जमिनीवर टेकलेली, मागे-पुढे दगड लावलेले, हॅण्डब्रेक ओढलेला. गोटी नटावर ठेवून हातोड्याचे सरळ, बेताचे घाव घातले. फार जोराने मारले तर मागच्या बेअरिंगला मार बसतो. गोटी नटावर घट्ट आवळून बसली. मग टॉमी घातली, टॉमीवर हातभर पाईप चढविला आणि दोघांनी सावकाश, एकसारखा जोर दिला. हिसका नाही. क्षणभर काही होईना. मग “कर्र” असा आवाज झाला आणि नट फिरला. आम्ही अगदी लहान पोरासारख्या टाळ्या वाजविल्या, हे कबूल करण्यास हरकत नाही.

नट गोटीत अडकून बसतो, तो व्हाइसमध्ये धरून मागच्या बाजूने पंच ठोकून काढावा लागतो, मग तीच गोटी पुढच्या नटाला चालते. अशा रीतीने तीन नट निघाले. चेपलेला चौथा मात्र दाद देईना. गोटी त्याच्यावर बसे आणि घसरे. त्यासाठी नांदेडच्या सामानाच्या बाजारातून एक्स्ट्रॅक्टर आणविला. हे एक प्रकारचे सॉकेटच, पण आतून त्याला उलट्या पिळाचे धारदार दाते असतात. नट सोडावयास आपण डावीकडे फिरवू लागलो की ते दाते नटाच्या अंगात अधिकच रुतत जातात. जितका जोर लावावा तितकी पकड घट्ट. ते ठोकून बसविले आणि पाचव्या मिनिटाला नट हातात आला. रस्त्यावर छन्नी लावली नसती तर तोही गोटीनेच निघाला असता.

काही कुलूप-नटांच्या भोवती मोकळी फिरणारी कडी असते. तिच्यावर गोटी ठोकली तर कडीच गरगर फिरते, नट जागच्या जागी. चोराला फसविण्यासाठीच ती केलेली असते. अशा नटाची कडी आधी तोडून काढावी लागते. ते काम सराईत माणसाकडूनच करून घ्यावे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. आपल्याकडे काही अडले की वेल्डिंगवाल्याकडे जाण्याची सवय आहे. नांगराचा फाळ असो की ट्रॉलीचा हुक, वेल्डिंगने भागते. कुलूप-नटावर साधा नट वेल्डिंगने चिकटवून तो फिरवून काढतात, हे खरे आहे, आणि जाणते कारागीर ते करतातही. पण चाकावर टायर चढलेला असताना ही उष्णता फार धोक्याची आहे. चाक तापले की टायरचे रबर आतून जळू लागते, त्याचा वायू कोंडतो आणि टायर बॉम्बसारखा फुटू शकतो. जगभर माणसे यात दगावली आहेत. अलॉयचे चाक उष्णतेने कमकुवत होते ते वेगळेच. तेव्हा रस्त्याच्या कडेला, टायरसकट चाकावर कोणी होल्डर लावू लागला, तर त्याचा हात धरावा. स्टड मोडला तर नवा बसतो, त्याचा खर्च चाकाच्या मानाने किरकोळ असतो.

चारही कुलपे निघाल्यावर मामांनी तिथे साधे नट बसविले. इथेही एक अडचण असते. सर्व नट सारखे दिसले तरी आटे सारखे नसतात. मारुतीच्या गाड्यांना साधारणपणे १२ मिलिमीटर जाडी आणि १.२५ चा आटा असतो, ह्युंदाईला १२ आणि १.५ चा. दोन-तीन वेढे हाताने फिरतात, पुढे अडतात. अडल्यावर पान्याने रेटले की स्टडचे आटे गेले. नटाची बूडबाजूही पाहावी लागते, कुठे ती उतरती शंकूसारखी असते, कुठे गोलसर. गाडीतलाच एक जुना साधा नट सोबत घेऊन दुकानात जावे, म्हणजे चूक होत नाही.

आवळताना एका आड एक, समोरासमोरचे आवळावेत. सांध्यावर उभे राहून पान्यावर नाचणाऱ्यांचे आम्हाला काही कळत नाही. बहुतेक लहान मोटारींना सुमारे १०० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पुरतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला दहा किलोचे वजन टांगले तर जेवढा जोर पडेल, साधारण तेवढा. चाक काढून बसविल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर झाले की पुन्हा एकदा पाना लावून पाहावा.

आता आम्ही कुणी गाडी दाखवायला आणली तर इंजिनाआधी चाकाशी बसतो. टोप्या काढून प्रत्येक चाकाचे सगळे नट बघतो. एक जरी वेगळा दिसला तरी “किल्ली कुठाय?” असे विचारतो. किल्ली दाखविली तर तेवढ्यावर भागवीत नाही. तिथेच, पैसे देण्याआधी, चारही चाकांचे कुलूप-नट त्या किल्लीने एकदा ढिले करून पुन्हा आवळून पाहतो. कारण किल्ली दुसऱ्याच संचाची असू शकते, किंवा तिचे दाते झिजलेले असू शकतात. हवेच्या बंदुकीने नट काढणारे टायरवाले किल्लीवरही बंदूक लावतात, त्याने किल्लीचे दाते तुटतात. कुलूप-नट हातानेच सोडावा नि हातानेच आवळावा. मग स्टेपनीही खाली काढून बघतो, जॅक फिरवून बघतो. विकणारा कंटाळतो. कंटाळू द्यावा. बेणे घेताना आपण डोळा फुगीर आहे का, कांडी लाल पडली आहे का, हे उकरून बघतोच ना!

किल्ली असली तर सांकेतिक क्रमांकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि घरातल्या ज्या ज्या माणसाच्या हाती गाडी जाते त्या सर्वांना किल्लीची जागा दाखवावी. नसली तर पुणेकराशी भांडत बसण्यात अर्थ नाही. तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्यावेत आणि गाडी घरी आणल्याच्या आठवड्यातच कुलपे काढून टाकावीत. उजेडात, कारखान्यावर किंवा चांगल्या गॅरेजमध्ये केलेले हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. तेच काम पहाटे धुक्यात, मागे आजारी माणूस बसलेले असताना करावे लागते तेव्हा काय होते ते वर लिहिलेच आहे.

किल्ली असूनही कुलपे ठेवावीत की काढावीत, असे काही सभासद विचारतात. आमचे स्पष्ट मत असे, की ज्याची गाडी रात्री वाड्याच्या आत किंवा गोठ्याशेजारी उभी असते आणि दारात कुत्रा आहे, त्याला चाकाच्या कुलपाची फारशी गरज नाही. ज्यांची मुले शिकायला पुण्या-संभाजीनगरला गाडी नेतात आणि रस्त्यावर लावतात, त्यांनी ठेवावीत, पण किल्ली सांभाळावी. शेतकी खात्यातल्या आमच्या एका सहकाऱ्याचे मत याच्या उलट आहे आणि त्यांच्या गाडीच्या चाकांना अजून कुलपे आहेत. त्यांच्या किल्लीचा फोटो आमच्याही मोबाइलमध्ये आहे.

त्या सभासदांची गाडी मंगळवारी वेळेवर नांदेडला गेली. पुढे दीड महिन्याने आर.सी.ही त्यांच्या नावावर झाली. पुण्याच्या मालकाला वरच्या पिशवीत किल्ली सापडली असून त्याने ती कुरिअरने पाठविली, पण तोपर्यंत तिचे कुलूपच उरले नव्हते. मावशी तिला “पुण्याची बुगडी” म्हणतात. ती देव्हाऱ्याच्या खणात आहे.

काढलेले चार नट, ठोकलेली गोटी आणि एक्स्ट्रॅक्टर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये ठेवले आहेत. ज्या सभासदांनी गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेरगावची जुनी मोटार घेतली आहे त्यांनी टोप्या काढून नट पाहावेत, आणि कुलूप आहे पण किल्ली नाही असे आढळल्यास आपल्या गट ऑफिसात शेतकी मदतनिसाकडे नाव द्यावे. येताना आर.सी. आणि ओळखपत्र आणावे, फिटरमामा ते पाहिल्याशिवाय हातोडा उचलीत नाहीत. गळीत सुरू झाल्यावर वर्कशॉपला श्वास घ्यायला सवड नसते, म्हणून दसऱ्याच्या आत यावे.